घर फिरलं, वासे फिरले, तरी ५०० वर्षं उभं!

इंग्लंडच्या खेड्यातलं एखादं जुनं लाकडी शेतघर गाठा, वरच्या मजल्यावर जा आणि एक गोटी जमिनीवर ठेवा. हात काढला की गोटी निघालीच! कपाटाच्या दोन पायांखाली ठोकळे सरकवलेले, दाराची चौकट चौकोन सोडून बाकी सगळ्या आकारांची, आणि उंच पाहुण्याच्या कपाळाची तुळईशी ओळख पहिल्याच दिवशी झालेली. आपल्याकडे म्हणतात, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे वासे खरोखरच फिरलेत, पिळलेल्या फडक्यासारखे. पण घर पडायचं नाव घेत नाही.

भानगड अशी की हे घर मुळात ओल्या लाकडात बांधलंय. ओकचं झाड पाडायचं, कुऱ्हाडीने तासून चौकोनी करायचं आणि बहुधा वर्षभराच्या आत घरात उभं करायचं. आज कोणी आपल्याला ओल्या लाकडाचं दार करून दिलं तर आपण त्या सुताराच्या नावाने शंख करू. त्यांचा हिशेब मात्र साधा होता. ओक वाळायला इंचाला साधारण एक वर्ष घेतो. फूटभर जाडीचा खांब वाळायची वाट पाहायची तर १२ वर्षं गेली. घर बांधायला काढणारा नवरदेव तोवर चार पोरांचा बाप! शिवाय वाळलेला ओक इतका टणक होतो की पटाशीची धार बोथट व्हावी. ओला असताना तोच मुकाट्याने कापला जातो. म्हणून घर आधी उभं राहायचं आणि मग सावकाश वाळत बसायचं. वाळताना लाकूड आक्रसतं, वाकतं, मोठा आवाज करून तडकतंसुद्धा. त्या भेगा पाहून नवा घरमालक घाबरतो. जाणता सुतार हसतो.

खरी मेख इथे आहे

एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ, जीभ खाचेत घातली आणि आरपार भोक पाडून लाकडी मेख ठोकली, अशी या घरांची जोडणी. सांगाड्यात लोखंडाचा खिळा जवळपास नाहीच. पण भोकं नीट पाहिलीत तर सुताराची लबाडी कळते. खाचेतलं भोक आणि जिभेतलं भोक एका रेषेत नसतं. जिभेतलं भोक मुद्दाम दोनतीन मिलिमीटर आत, सांध्याच्या बाजूला सरकवलेलं असतं. मेख निमुळती आणि सुकलेल्या ओकची. ती ठोकताना वाकडी वाट काढत आत शिरते आणि जाता जाता दोन्ही लाकडं एकमेकांवर खेचून आवळते. पुढे लाकूड कितीही आक्रसलं तरी पकड सुटत नाही. कित्येक घरांत या मेखांची शेपटं अजून भिंतीबाहेर बोटभर डोकावतात. ती छाटण्याच्या भानगडीत कोणी पडलंच नाही.

आणखी एक गंमत म्हणजे घर बांधायचं एकीकडे आणि उभं करायचं दुसरीकडे. सुतार आपल्या आवारात आख्खी भिंत जमिनीवर आडवी मांडायचा, सांधे जुळवून पाहायचा, पुन्हा सगळं सुटं करायचा आणि गाडीत भरून जागेवर न्यायचा. लाकडं हातानं तासलेली, कुठलीही दोन सारखी नाहीत, त्यामुळे प्रत्येक जीभ फक्त तिच्याच खाचेत बसणार. घोटाळा होऊ नये म्हणून दोन्हींवर एकच आकडा कोरायचा. आकडे रोमन, कारण पटाशीने सरळ रेघ मारणं सोपं, गोल वळण काढणं जिकिरीचं. मात्र चार म्हणजे सरळ चार उभ्या रेघा. पाचाच्या डावीकडे एक रेघ जोडून चार करायची पुस्तकी रीत सुतारांना परवडणारी नव्हती, कारण लाकूड उलटं धरलं की चाराचे सहा व्हायचे! आजही या घरांच्या तुळयांवर हे आकडे बोटाने चाचपता येतात.

कोपऱ्यातल्या खांबांकडे बघा. बरेचसे खाली बारीक आणि वर जाड असतात. झाड जसं वाढलं त्याच्या उलटं! बुंध्याकडचं रुंद टोक मुद्दाम वर घेतलंय, कारण खांबाच्या माथ्यावर दोनतीन तुळया एकत्र येतात आणि तेवढे सांधे कोरायला तिथेच जागा लागते. म्हणजे झाड ५०० वर्षं शीर्षासन करतंय.

एका घराला झाडं किती लागायची? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, पण केंब्रिजचे वनअभ्यासक ऑलिव्हर रॅकम यांनी ते मन लावून मोजले. सफोकमधल्या स्टँटन गावच्या एका जुन्या शेतघरात त्यांना सुमारे ३३० झाडं सापडली. आता डोळ्यांसमोर महाकाय ओक आणू नका. निम्मी झाडं वीतभर व्यासाचीही नव्हती. बारीक झाड, त्यातून एक वासा, की काम झालं. मोठं झाड पाडायचं, ओढायचं आणि चिरायचं म्हणजे फुकटचा घाम.

पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे तर मुळातच वाकडं झाड हुडकून आणायचे. ते उभं मधोमध चिरलं की दोन जुळे अर्धे मिळतात. ते समोरासमोर टेकवले की जमिनीपासून आढ्यापर्यंत कमान तयार. वूस्टरशरमधल्या ली कोर्टचं धान्याचं कोठार या पद्धतीचं ब्रिटनमधलं सर्वांत मोठं बांधकाम, १३२५ च्या आसपासचं. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात मात्र असली कमान औषधाला मिळत नाही.

शेण, माती आणि खण

सांगाडा झाला, मधल्या मोकळ्या चौकटींचं काय? इथे मराठी वाचकाला नवा शब्द शिकायची गरज नाही, कारण त्याच्याकडे नेमका शब्द आहे: कूड. कोकणात कारवीचा कूड विणून शेणामातीने लिंपतात. इंग्लंडात कारवीच्या जागी हेझलच्या काटक्या. ओकच्या उभ्या फळकुटांमधून त्या टोपलीसारख्या विणायच्या, वर चिकणमाती, शेण आणि चिरलेला पेंढा कालवून दोन्ही बाजूंनी एकदमच थापायचा, शेवटी चुन्याचा हात. मागेपुढे दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकाच वेळी थापत, म्हणजे कूड एका बाजूला ढकलला जात नसे. काही भिंतींत त्या थापणाऱ्यांच्या बोटांचे ठसे अजून आहेत. ससेक्समधल्या अल्फ्रिस्टनच्या घरात जमीनसुद्धा ओळखीची वाटते: खडूचा दगड कुटून धुमसलेला आणि वर आंबट दुधाचा हात दिलेला. आपण सारवलं शेणाने, त्यांनी दुधाने. १४ व्या शतकातलं मानलं जाणारं हे घर १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १० पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. एवढ्या पैशांत आज त्याच गावात दोघांचं जेवण होणं कठीण.

घराचं माप? तेही खणांत. आपला वाडा पाचखणी, तसं त्यांचं घर तीन ‘बे’चं, चार ‘बे’चं. दोन चौकटींमधलं अंतर म्हणजे एक खण, त्यांचा ‘बे’, साधारण १६ फुटांच्या आसपास. जुन्या कागदपत्रांत घराची नोंद अशीच सापडते. शेक्सपिअरच्या ‘मेजर फॉर मेजर’ नाटकातलं एक पात्र तर घरभाड्याचा हिशेबही दर खणामागे करतं. चौरस फुटांचे बिल्डर तेव्हा जन्मायचे होते.

धूर झाला आणि घर कळलं

या घरांतली सर्वांत मजेची जागा म्हणजे पोटमाळा. टॉर्च घेऊन शिडीने वर चढा, खाली नवीन रंग, कार्पेट, फ्रिज सगळं विसरा, आणि वाशांवर बोट फिरवा. बोट काळं झालं तर ओरडायला हरकत नाही: घर मध्ययुगातलं निघालं! कारण या घरात आधी धुरांडंच नव्हतं. मधोमध मोठा हॉल, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा, हॉलच्या मध्यावर उघडी चूल. धूर वर चढायचा, वाशांत घुटमळायचा आणि कौलांच्या फटींतून, खिडक्यांतून, छपरातल्या झरोक्यातून सावकाश बाहेर पडायचा. माणसं त्या धुराखाली बसून जेवायची. पुढे कोणीतरी धुरांडं बांधलं, हॉलच्या मध्ये पाटन घालून वर खोल्या काढल्या. काजळी धरलेले वासे तसेच माळ्यावर राहिले. डेव्हनमध्ये काही घरांत छपराच्या पेंढ्याचा सर्वांत खालचा थर अजून मध्ययुगातलाच आहे. धुराने काळा पडून टिकलेला. त्यात त्या काळच्या गव्हाची कणसं आणि शेतातलं तणसुद्धा सापडतं. ५०० वर्षांपूर्वीचं शेत छपरात जपलेलं!

धुरांडी आली तेव्हा म्हाताऱ्यांना ती रुचली नाहीत. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये इंग्लंडचं वर्णन लिहिलं, त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत आलेले तीन बदल नोंदवलेत. धुरांडी बेसुमार झाली. लाकडी थाळ्या जाऊन धातूच्या आल्या. आणि लोक उशा घेऊन झोपू लागले! पूर्वी डोक्याखाली लाकडाचा ओंडका चालायचा, उशी फक्त बाळंतिणीला. स्वतः हॅरिसनही कुरकुरतो: धूर होता तोवर लाकूड कडक राहायचं आणि माणूसही, आता घरोघरी सर्दीपडसं. सोसायटीच्या कट्ट्यावरचे आजोबा आणि हा पाद्री पाच मिनिटांत दोस्त झाले असते.

धुरांडं आलं की मागोमाग सरकार आलं. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला आणि मोजायला माणसं घरात शिरू लागली. लोकांचा संताप समजण्यासारखा होता; १६८९ मध्ये कर रद्द झाला. मध्यंतरी १६८४ मध्ये ऑक्सफर्डशरमधलं चर्चिल गाव जळालं. सांगतात असं, की भट्टी चालवणाऱ्या कोणीतरी कर वाचवायला आपल्या भट्टीचं तोंड भिंतीतून शेजाऱ्याच्या धुरांड्यात काढलं होतं. २० घरं खाक आणि ४ माणसं दगावली, सारा खटाटोप दोन शिलिंगांसाठी.

हॉलच्या खालच्या अंगाला दोन छोट्या खोल्या असायच्या: पँट्री आणि बटरी. बटरीत लोणी नसायचं! तिथे बिअरची पिंपं, आणि पिंपाच्या जुन्या शब्दावरूनच हे नाव. पँट्री म्हणजे ब्रेडची खोली. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ब्रेड आहे, आणि तोच पोर्तुगिजांच्या बोटीतून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा पाव झाला. म्हणजे इंग्रज शेतकऱ्याची पँट्री आणि आपला वडापाव सख्खे नसले तरी चुलत आहेत.

खिडकीचीही अशीच गोष्ट. ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ वाऱ्याचा डोळा. आपला ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. दोन्हीकडे डोळाच, काच कुठेच नाही. शेतघराच्या खिडक्यांना लाकडी गज आणि सरकत्या झडपा. काच इतकी महाग की ज्यांच्याकडे ती होती ते घर बदलताना खिडकीची तावदानंही बरोबर न्यायचे, मृत्युपत्रात वेगळी लिहायचे.

आणि संडास? केंटमधल्या बेलीफ नावाच्या शेतघरात तो वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीला लागून आहे. भिंतीबाहेर काढलेली खोपटी, आत फळीला भोक, आणि खाली मोकळं आकाश म्हणा हवं तर. अटॅच्ड बाथरूमचं कौतुक आपण उगाच करतो. १५ व्या शतकातलं हे घर धरणात जाणार होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते सांधा सांधा सोडवून काढलं आणि ससेक्सच्या सिंगलटन गावातल्या संग्रहालयात पुन्हा उभारलं. मेखा काढल्या की घर सुटतं, मेखा ठोकल्या की जुळतं. सुताराचे आकडे ५०० वर्षांनी पुन्हा कामी आले.

कौलांचं एकच सांगतो. १४७७ मध्ये चौथ्या एडवर्डच्या राज्यात कायदाच झाला: कौल साडेदहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद. इंग्लंडच्या दुकानात आज मिळणारं साधं कौलही जवळपास त्याच मापाचं आहे.

काळंपांढरं झूठ

बिस्किटाच्या डब्यावर असतं ते घर आठवा. काळ्याकुळकुळीत तुळया, पांढऱ्याशुभ्र भिंती. हा थाट बराचसा १९ व्या शतकातला. जुना ओक उघडा ठेवला तर चंदेरी राखाडी होतो, आणि पुष्कळ ठिकाणी भिंतीबरोबर लाकडालाही चुना फासून टाकायचे. चेशरमधलं लिटल मोरटन हॉल हे या काळ्यापांढऱ्याचं सर्वांत प्रसिद्ध पोस्टर, पण तिथलाही काळा रंग नंतरचाच. मालक घराणं कर्जात बुडाल्यावर या राजेशाही घरात पिढ्यान्‌पिढ्या कुळं राहिली, शेतकरी कुळं. सर्वांत वरच्या मजल्यावरची लांबलचक गॅलरी आणि तिच्यावरचं दगडी फरश्यांचं छप्पर एवढं जड की खालची आख्खी इमारत पोट सुटल्यासारखी बाहेर आलीय. माझ्या मते इंग्लंडमधलं सर्वांत लोभस घर हेच. सरळ असतं तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

शेक्सपिअरच्या आजोळाची फजिती तर ऐकाच. स्ट्रॅटफर्डजवळच्या विल्मकोट गावात त्याच्या आईचं, मेरी आर्डनचं माहेर म्हणून लाकडी तुळयांचं एक देखणं शेतघर दाखवलं जायचं. १८ व्या शतकाच्या अखेरीस जॉन जॉर्डन नावाच्या गाइडने हेच ते घर म्हणून बोट दाखवलं आणि साऱ्या जगाने मान डोलावली. १९३० मध्ये शेक्सपिअर ट्रस्टने ते विकतही घेतलं. २००० साली कागदपत्रं तपासल्यावर कळलं की माहेर ते नव्हेच, खरं घर शेजारचं! बाहेरून विटांचं, अगदी साधं, कोणाच्या नजरेत न भरणारं. नशीब असं की परिसर नीट राहावा म्हणून ट्रस्टने तेही १९६८ मध्येच घेऊन ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

जुना बूट आणि मेणबत्तीचा चटका

धुरांड्याची दुरुस्ती काढली की गवंड्याच्या हाती पुष्कळदा बूट लागतो. एकच, झिजलेला, बहुधा लहान मुलाचा. हरवलेला नव्हे, मुद्दाम विटांत चिणलेला. धुरांडं म्हणजे रात्रंदिवस उघडं दार. तिथून चेटकीण शिरू नये म्हणून हा पहारा, असा अंदाज. नॉर्थॅम्प्टन हे बूट करणाऱ्यांचं गाव, तिथल्या संग्रहालयात अशा सापडलेल्या बुटांची रीतसर नोंदवही आहे. ट्रकच्या मागे लोंबणारी चप्पल पाहिलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागणार नाही.

दारांच्या आणि चुलीच्या तुळयांवर कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं असतात, आणि थेंबाच्या आकाराचे जळके डाग. हे डाग मेणबत्ती कलंडून पडलेले वाटतात, पण अभ्यासकांनी जाळून पाहिलं तेव्हा कळलं की ज्योत ठरावीक कोनात बराच वेळ धरल्याशिवाय तसा डाग पडत नाही. म्हणजे आगीपासून वाचायला आगीचाच डाग, लसीसारखा. लाकडी घर, पेंढ्याचं छप्पर, हातात जळती मेणबत्ती, आणि म्हणे सुरक्षेसाठी!

फॉरवर्ड करण्यापूर्वी

१९९९ मध्ये ‘१५०० सालचं जगणं’ अशा थाटाचं एक निनावी ईमेल जगभर फिरलं. त्यात होतं की कुत्रीमांजरं पेंढ्याच्या छपरात झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची, म्हणून इंग्रजीत मुसळधार पावसाला कुत्र्यामांजरांचा पाऊस म्हणतात. उंबऱ्याच्या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्तीही अशीच उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळं बनावट. पेंढ्याच्या उतारावर झोपून पाहिलेल्या कोणत्याही मांजराने हे सांगितलं असतं.

लाकडाला मात्र खोटं बोलता येत नाही. पेन्सिलीएवढी बारीक कांडी तुळईतून काढायची, वर्षावलयांची रुंदी मोजायची, ज्ञात नमुन्यांशी जुळवायची. सालीपर्यंतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी पडलं हेच काय, हिवाळ्यात पडलं की उन्हाळ्यात हेही कळतं. एसेक्समधल्या फायफील्ड हॉलची झाडं अशी ११६७ ते ११८५ च्या दरम्यानची निघाली. ज्ञानेश्वरी व्हायला तेव्हा शंभराहून अधिक वर्षं होती, आणि त्या घरात आजही माणसं राहतात.

राहता राहिली जहाजं. इंग्लंडमध्ये कुठल्याही जुन्या शेतघरात गेलात तर मालक तुळईवर थाप मारून हमखास सांगतो, ही आरमारी जहाजाची लाकडं बरं का! पुरावा काय, तर तुळई वाकडी आहे आणि तिच्यात रिकाम्या खाचा आहेत. समुद्र ६० मैल लांब असला तरी फरक पडत नाही. रिकाम्या खाचा असतात त्या आधीच्या कुठल्यातरी घराच्या किंवा गोठ्याच्या. जुनं लाकूड पुन्हा वापरणं ही तेव्हाची रोजची काटकसर. वडाची साल पिंपळाला लागली आणि कथा चिकटून बसली.

जहाजाचं अस्सल लाकूड पाहायचंच असेल तर शेतं सोडून लंडनच्या मध्यावर जा. रीजंट स्ट्रीटच्या आडोशाला लिबर्टीचं दुकान आहे. काळ्या तुळया, पांढऱ्या भिंती, तिरक्या कमानी, थेट ट्यूडर काळातलं वाटावं असं. बांधलंय १९२४ मध्ये. वय खोटं, थाट खोटा, पण लाकूड खरोखर दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांचं. त्यातल्या एका नौकेचं नाव होतं ‘हिंदुस्तान’.